वावरावरची अट

१

नोटीस आली तेव्हा मिनल डहाके एका अडलेल्या शेळीपाशी गुडघ्यांवर बसली होती. पिल्लू आडवं आलं होतं. पोस्टमन गोठ्याच्या दारात उभा होता, पण सही मागायचा त्यालाही धीर होत नव्हता. मिनलनं हलक्या हातानं पिल्लू वळवून मोकळं केलं, नाकातोंडातला चिकटा पुसला, आणि ते ओरडलं तेव्हा कुठं ती उठली. हात धुतले, सही केली, लिफाफा फाडला.

शेजारच्या संत्र्याच्या बागेच्या मालकीण कुसुमताई गावंडे यांच्या वकिलाची नोटीस होती. तुमच्या जमिनीत जनावरे पाळण्यास जुन्या खरेदीखतातील अटीने मनाई आहे. शेळ्या महिनाभरात हलवाव्यात, अन्यथा कोर्टात जावे लागेल.

मिनलला आधी हसूच आलं. नागपुरात एका दूध संस्थेच्या प्रयोगशाळेत तिनं बारा वर्षं काढली होती. लग्न मोडलं, तेव्हापासून एकच गोष्ट मनात धरून होती, आपलं स्वतःचं शेळीपालन. गेल्या उन्हाळ्यात काटोलजवळ अडीच एकराचं हे वावर घेतलं, त्यावर गोठा उभा केला, जातिवंत बेरारी शेळ्या निवडून आणल्या. वावर घेण्याआधी कागद वाचले नव्हते असंही नव्हतं. स्वतःचं खरेदीखत तर तिनं शब्दन् शब्द वाचलं होतं. त्याआधीचंही, म्हणजे कुसुमताईंच्या सासऱ्यांनी आपल्या जमिनीचा हा तुकडा तिला वावर विकणाऱ्या देवराव ठोंबरे यांना विकला होता त्या जुन्या खरेदीखताची झेरॉक्सही वाचली होती. त्यात जनावरांचं नाव नव्हतं.

खात्री करायला तिनं ती झेरॉक्स पुन्हा काढली. चौथं पान चतुःसीमेवर संपत होतं. पुढचं पान साक्षीदारांच्या नावांनी सुरू होत होतं. वाचताना कुठं अडखळायला होत नव्हतं, म्हणूनच तेव्हा लक्षात आलं नसावं. आता तिनं पानांचे आकडे पाहिले. चारनंतर सहा होता.

पाचवं पान तिच्याकडे कधी आलंच नव्हतं.

२

नागपुरात सदरमध्ये एका चष्म्याच्या दुकानावर वकील प्रेमिला गजभिये यांचं ऑफिस होतं. बाई पन्नाशीच्या, आवाज जाडाभरडा, आणि जमिनीचे खटले लढण्यात उभी हयात गेलेली. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपण सुपारी कातरत ऐकायचं, ही त्यांची रीत. कोर्टात त्यांना ओळखणारे त्या सुपारीला भीत.

त्यांनी दुय्यम निबंधकांच्या कचेरीतून जुन्या खरेदीखताची नक्कल मागवली. ती हातात आली तेव्हा मिनलला समोर बसवून त्यांनी पाचवं पान मोठ्यानं वाचलं. "लगतच्या बागेच्या व सामाईक विहिरीच्या रक्षणार्थ, सदर मिळकतीत बैलजोडी वगळता गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी अगर अन्य कोणतेही जनावर पाळू नये. ही अट खरेदीदार व त्याच्यामागून येणारे सर्व धारक यांच्यावर बंधनकारक राहील."

"पण मी तर देवरावजींकडून घेतली," मिनल म्हणाली. "मी कुसुमताईंना काही लिहून दिलं नाही."

प्रेमिलाताईंनी तिला नीट समजावलं. आपल्या उरलेल्या जमिनीच्या रक्षणासाठी कोणी अशी अट घातली, तर ती माणसाला नाही, वावराला चिकटते. वावर ज्याच्या हाती जाईल त्याच्यामागं ती जाते. आणि दस्त नोंदलेला असला की कायदा धरून चालतो की घेणाऱ्याला ते ठाऊक होतं. मले माहीत नव्हतं, असं म्हणून सुटका नाही.

"हा कागद तुझ्याकडे येईस्तोवर कोणाकोणाच्या हातात होता?"

मिनलनं सांगितलं. मूळ दस्त देवरावांकडेच राहिला, कारण त्यात त्यांचं दुसरंही वावर होतं. दलाल दुर्गेशनं त्याची झेरॉक्स काढली. मिनल तेव्हा शेळीपालनाच्या प्रशिक्षणाला गेली होती, म्हणून ती झेरॉक्स तिच्या भावानं, पियुषनं घेतली. त्यानं ती वकील संघपाल मेश्रामांकडे पोचवली. संघपालांकडून ती फाइलसकट मिनलकडे आली.

"म्हणजे चौघं," प्रेमिलाताई म्हणाल्या. "पान आपोआप गळत नाही. यातल्या एकानं ते काढलं."

"तिघं. पियुष माझा भाऊ आहे."

प्रेमिलाताईंनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "चौघं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिला एक गोष्ट बजावली. या पानावर काय शब्द आहेत ते कोणालाही सांगायचं नाही. जनावरांना मनाई आहे, एवढंच नोटिशीत आहे. लोकांनाही तेवढंच माहीत राहू द्यायचं.

३

देवराव ठोंबरे काटोलात मुलाच्या घरी ओसरीवर बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, पण बोलणं स्वच्छ. नोटिशीचं ऐकून ते गडबडले नाहीत. उठून आत गेले आणि ट्रंकेतून मूळ दस्त घेऊन आले. पाचवं पान जागेवर होतं.

प्रेमिलाताईंनी त्यांना विचारलं की आता मिनलनं काय करावं. म्हातारा विचारात पडला. कुसुमताईंकडे जाऊन हात जोडा, म्हणाला, दुसरा मार्ग नाही. लिहिलेलं ते लिहिलेलं. आपण बैलजोडीशिवाय त्या वावरात जन्मात काही बांधलं नाही. नातवासाठी एक गाय घ्यायची होती, तीसुद्धा घरच्या अंगणात बांधली.

"मग मला विकताना सांगितलं का नाही?" मिनलचा आवाज चढला.

देवराव तिच्याकडे पाहत राहिले. "काहून नाही सांगतलं, बाई? तुमच्या माणसाले सांगतलं ना."

"कोणत्या माणसाला?"

त्यांना नाव ठाऊक नव्हतं. सौद्याच्या दिवसांत एक फोन आला होता. मिनलताईकडून बोलतो, एवढं तो माणूस म्हणाला. अट त्याच्या समोरच होती, कारण ती त्यानं वाचून दाखवली आणि विचारलं की हे अजून कोणी मानते का. "म्या म्हटलं, मी त मानतो, अन् कुसुमताई त मानतेच. तो म्हणे, बरं, ताईले सांगतो."

परतताना मिनल मनात एकेक नाव घेत गेली. तिच्याकडून बोलणारा माणूस दलाल असू शकत होता, वकीलही असू शकत होता. तिसरं नाव तिनं मनात येऊ दिलं नाही. पण ते पान त्या माणसाच्या हातात होतं, त्यानं ते वाचलं होतं, आणि सांगतो म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं.

४

दुर्गेश काटोलच्या फळबाजाराबाहेर चहाच्या टपरीवर भेटला. संत्र्याच्या बागांचे आणि वावरांचे सौदे लावून देणारा तरुण, शर्टाच्या खिशात दोन फोन. नोटिशीचं नाव काढताच त्यानं कानांवर हात ठेवले. देवरावांनी दिले ते सगळे कागद आपण बसस्टँडसमोर झेरॉक्स करून पियुषभाऊंच्या हातात ठेवले, एकही वाचला नाही, वाचायला आपण काय वकील आहोत? खरं वाटण्यासारखं होतं. खोटं वाटण्यासारखंही होतं.

प्रेमिलाताईंनी त्यालाही तोच प्रश्न विचारला, आता मिनलनं काय करावं.

दुर्गेश खुलला. सल्ला द्यायला त्याला आवडत असावं. "शेळ्या हटवा मॅडम, अन् दोन गाई आणून बांधा. कुसुमताई देवभोळी बाई आहे. गाईले ती नाही म्हणणार नाही. नोटीस शेळ्यायचीच आहे ना?"

प्रेमिलाताईंनी त्याचे आभार मानले आणि चहाही त्यालाच पाजला.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी संघपाल मेश्रामांकडे गेल्या. आपल्या हातून गेलेल्या फाइलीत एक पान नव्हतं आणि ते आपल्याला दिसलं नाही, याची त्या वकिलाला मनापासून लाज वाटत होती. पियुषनं आणून दिली तशी झेरॉक्स त्यांनी वापरली होती. घाई फार होती, म्हणाले. तुमचे बंधू रोज फोन करत होते, अमुक तारखेच्या आत खरेदी व्हायलाच पाहिजे म्हणून. आता मात्र त्यांनी लढायचा बेत आखून ठेवला होता. शेतजमिनीवर जनावरच ठेवायचं नाही, ही अट कोर्टात टिकूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "बैलसुद्धा बांधता येत नसेल, तर माणसानं शेती करायची कशी? या एका मुद्द्यावर मी ती अट उडवून दाखवतो, फी न घेता."

जिना उतरताना मिनल म्हणाली की हा माणूस तिला खोटा वाटत नाही.

"मलाही नाही वाटत," प्रेमिलाताई म्हणाल्या. "आता चल, तुझ्या भावाकडे."

५

मिनलला ते नको होतं. संसार मोडला त्या दिवसांत सासरच्या दारातून तिचं सामान टेम्पोत भरून आणणारा माणूस म्हणजे पियुषदादा. लोक काय म्हणतील, असं तो एकदाही बोलला नव्हता. वावरही त्यानंच शोधलं होतं. त्याच्या घरी वकील घेऊन जाणं म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखं होतं.

पियुष नागपुरात मानेवाड्याला राहायचा. त्यानं दोघींना आदरानं बसवलं. आई, कौशल्याबाई, आतून पाणी घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली. नोटीस वाचून पियुष हळहळला. दुर्गेशवर चिडला, म्हणाला, हे दलाल लोक असेच. पानाचं आपल्याला काही माहीत नाही, कागद आले तसे वकिलाला नेऊन दिले.

प्रेमिलाताईंनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "मग आता हिनं काय करावं, म्हणता?"

पियुष बहिणीच्या शेजारी येऊन बसला. त्याचा आवाज मऊ झाला. "शेळ्या इकून टाक, मिनू. कोर्टाच्या नादी लागू नको. वावर त तुझंच आहे ना? बैलजोडी ठेव, तिले कोणी काही म्हणणार नाही. पऱ्हाटी लाव, तूर लाव. मी येतो ना पेरणीले."

मिनलच्या डोळ्यांत पाणी आलं. या सगळ्या फिरण्यात पहिल्यांदाच कोणी तिची काळजी केली होती. तिनं विजयी नजरेनं प्रेमिलाताईंकडे पाहिलं.

प्रेमिलाताईंचा हात थांबला होता. त्यांनी अडकित्ता मिटून पिशवीत ठेवला आणि त्या उठल्या.

६

गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "मिनल, बैलजोडीचं त्याला कोणी सांगितलं?"

मिनलला प्रश्नच कळला नाही. मग हळूहळू कळला.

प्रेमिलाताईंनी एकेक माणूस पुढ्यात घेतला. दुर्गेशनं पान वाचलं असतं, तर गाई बांधा म्हणाला नसता. गाय तर त्या अटीत सगळ्यात पहिली आहे. संघपालांनी वाचलं असतं, तर बैलही बांधता येत नाही या मुद्द्यावर खटला उभा करायला निघाले नसते. पहिल्याच तारखेला तोंडावर पडले असते. देवरावांना बैलजोडीचं ठाऊक होतं, पण ते त्यांनी आपणहून सांगितलं आणि कागदही काढून दाखवला. लपवणारा असं करत नाही.

"नोटिशीत बैल नाहीत. नक्कल तू आणि मी पाहिली, बस्स. तरी तुझा भाऊ बेधडक म्हणतो, बैलजोडीला कोणी काही म्हणणार नाही."

"दुर्गेशनं सांगितलं असेल."

"त्याला स्वतःलाच माहीत नाही."

"मग देवरावजींनी."

"देवरावांनी सांगितलं ते फोनवरच्या माणसाला. मग तो फोन त्याचाच."

मिनलला अजून एक फट दिसत होती आणि तिनं ती घट्ट धरली. "पण दादाला यातून काय मिळालं? वावर माझं, पैसा माझा. माझे हाल झाले तर त्याला काय?"

"तेच मी विचारणार होते," प्रेमिलाताई म्हणाल्या. "खरेदी झाली त्या आठवड्यात तू अजून कशावर सही केली होती का?"

मिनलनं तोंडावर हात ठेवला.

खरेदीनंतर चार-पाच दिवसांनीच तिनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. वडील गेल्यावर त्यांच्या वावराच्या सातबाऱ्यावर आई, पियुष आणि मिनल अशी तीन नावं चढली होती. तिथंच आपल्या वाट्यात शेळ्या पाळायच्या, असं मिनल पहिल्यांदा म्हणाली होती. पियुषनंच तिला वळवलं. तिथं पाण्याचे हाल आहेत, रस्ता धड नाही, मी तुला चांगलं वावर शोधून देतो, आणि मग तिथला तुझा हिस्सा तू सोड, म्हणजे उद्या भावाबहिणीत कुरबूर नको. तिला ते रास्त वाटलं होतं. स्वतःचं वावर झालं की दुसऱ्यात जीव कशाला अडकवायचा?

"खरेदी आधी आणि सही नंतर," प्रेमिलाताई म्हणाल्या. "तेही बरोबर आहे. आपल्याकडे शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही. बापाच्या सातबाऱ्यावर नाव होतं म्हणून तू घेऊ शकलीस. पाचवं पान तुला दिसलं असतं तर तू हे वावर घेतलं नसतं. वावर घेतलं नसतं तर सही दिली नसती. म्हणून घाई. म्हणून पान गेलं."

सासरच्या दारात टेम्पोत सामान चढवणारे त्याचे हात मिनलला आठवत राहिले. तेही खरे होते आणि हेही.

७

ती एकटीच परत गेली. प्रेमिलाताईंना तिनं गाडीतच थांबायला सांगितलं.

पियुष आधी उडवाउडवी करत होता. बैलजोडीचा प्रश्न आला तेव्हा तो खांदे पाडून बसला आणि सांगू लागला. वडिलांच्या वावरावर कोणाला तरी गोदाम बांधायचं होतं. त्या पार्टीला वाटेकऱ्यांची भानगड नको होती, एकच नाव पाहिजे होतं. अट जुनी आहे, म्हातारी कुठं कोर्टात जाते, असं त्याला वाटलं होतं. "तुझं वाईट व्हावं असं नव्हतं माझ्या मनात," तो म्हणाला.

"तू नुसतं मांगतलं असतं ना दादा, त मी सही तशीच देली असती."

"असं आज म्हणून राहिली तू."

तिला वाटलं होतं तो रडेल, निदान मान खाली घालेल. तो तिच्याकडे थेट पाहत होता. आपण केलं ते कोणीही केलं असतं, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. त्या एका वाक्यानं तिच्या मनातलं उरलंसुरलं तुटलं. दाराला टेकून आई उभी होती, आणि ती काहीच बोलली नाही. मिनल निघाली तेव्हाही नाही.

पुढचे दिवस कामात गेले. फसवून घेतलेलं हक्कसोडपत्र रद्द व्हावं म्हणून प्रेमिलाताईंनी दावा लावला, आणि वर्षं जातील हेही सांगून टाकलं. कुसुमताईंकडे मिनल हात जोडून नाही, सरळ जाऊन बसली. त्यांनी तिला बागेतली एक रांग दाखवली, जिथं पूर्वी कोणाच्या तरी शेळ्यांनी एका दुपारी सगळी कलमं कुरतडली होती. त्या वर्षी सासऱ्यांनी अंथरूण धरलं होतं. अट त्यातून आली होती. "घेण्याआधी एक डाव शेजारी विचारलं असतं त मीच सांगतलं असतं वं," कुसुमताई म्हणाल्या. मिनलला ते लागलं, कारण खरं होतं. तिनं कागद वाचले होते, माणसांना विचारलं नव्हतं. कुसुमताईंनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली, पुढं एक दिवसही नाही.

शेळ्यांना गिऱ्हाईक पाहायला मिनलनं सुरुवात केली त्याच आठवड्यात एका सकाळी काटोलच्या बसमधून कौशल्याबाई उतरल्या. सोबत कोणी नव्हतं. कापडी पिशवीत लुगडी होती. गोठ्याच्या दारात त्या उभ्या राहिल्या आणि बसायला सांगायच्या आत बोलायला लागल्या, जणू बस चुकेल.

"सहीसाठी तो तुले वावर पाहून देऊन राहिला, हे मले माहीत होतं. पानाचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं. पण ते माहीत होतं, अन् मी चूप बसली."

मिनल खराटा हातात धरून उभी राहिली. भावाचं कळलं तेव्हाही एवढं लागलं नव्हतं.

आई पुढं बोलत गेली. पियुष तिच्याकडेही सहीचा कागद घेऊन येत होता. दसऱ्यानंतर करू, दिवाळीनंतर करू, असं ती टाळत आली होती. का टाळते ते तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. परवा मात्र तिनं त्याला तोंडावर नाही म्हटलं. सातबाऱ्यावर तिचं नाव अजून होतं, आणि त्या वावरावर कोणाची कसली अट नव्हती. "माझ्या हिश्श्यात बांध शेळ्या. मी राहतो तिथं तुझ्यासंगं. गोदामवाला येऊ दे, नाही त न येऊ दे."

प्रेमिलाताईंनी कागद तपासले, या वेळी पानांचे आकडेही मोजले, आणि हरकत नाही म्हणाल्या. आईच्या हिश्श्याचं वावर, तिची लेखी परवानगी, नोंदवून. काटोलच्या वावरात अट जनावरांची होती, चाऱ्याची नव्हती. तेव्हा तिथं मका आणि शेवरी लावायची आणि चारा टेम्पोनं वडिलांच्या वावरात आणायचा, असं ठरलं. कुसुमताईंनी सामाईक विहिरीचं पाणी द्यायला कुरकुर केली नाही.

दिवाळीच्या आधी शेळ्या हलल्या. वडिलांच्या वावरात पत्र्याचं छप्पर उभं राहिलं होतं. पाण्याचे हाल आहेत हे पियुषचं म्हणणं खोटं नव्हतं. पाणी लांबून आणावं लागत होतं. टेम्पोतून एकेक शेळी उतरवताना रस्त्यावर पियुषची मोटरसायकल येऊन थांबली. तो उतरला नाही. थोडा वेळ पाहत राहिला, आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग गाडी वळवून निघून गेला. मिनलनं मान वर केली नाही. आवाज गेला तेव्हा तिला कळलं की आपण एका शेळीची दोरी केव्हाची हातात आवळून धरली आहे.

ऊन कलल्यावर कौशल्याबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. पिल्लं नव्या जागेत बिचकत होती. त्यांनी एकाला जवळ ओढून घेतलं. मग मिनलच्या पाठीकडे पाहत त्यांनी विचारलं, "माफ केलं का वं मले?"

मिनलनं बादली उचलली. दुसरी आईच्या पुढ्यात ठेवली.

"शेळ्यायले पाणी पाजायचं आहे, आई. चाल."